मोठ्या माणसांची सुई

ते कुणाशी शेकहँड करत नसत. तुम्ही हात पुढे केलात की तो डावलून त्यांचा हात थेट तुमच्या दंडावर जायचा आणि खांद्याच्या जरा खाली त्यांचा अंगठा रुतायचा. मंडईत वांगी दाबून बघतात तसा. मग मान हलायची आणि प्रश्न यायचा, "शेवटची सुई कवा घेतलीस?" समोरच्याचं वय काय, हुद्दा काय, याचा काही विधिनिषेध नाही. कतारमधल्या अल खोरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीला ते आले की गॅस प्लांटमधले भलेभले इंजिनिअर प्रसादाची वाटी घेऊन खांबामागे सरकायचे. माझा नवरा तर एकदा चपला काढायच्या जागी जाऊन उभा राहिला आणि कार्यक्रम संपेपर्यंत आत आलाच नाही.

क्लिनिकमध्ये सगळे त्यांना ब्रदर म्हणत. पुरुष नर्सला इकडे ब्रदरच म्हणतात. मी काका म्हणायचे, कारण पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "ब्रदर-बिदर हितल्या लोकांसाठी. तू आपली काका म्हण." माणूस मिरजेचा. उंचीला बेताचा, अंगावर बारा महिने विटकरी रंगाचा लोकरी स्वेटर. लसीच्या खोलीत एसीचा गारठा असायचा म्हणून तो घालत, हे समजण्यासारखं होतं. पण जुलैच्या दुपारी बाहेर डांबर मऊ झालेलं असताना ते त्याच स्वेटरमध्ये पार्किंग ओलांडून चहा आणायला जायचे, त्याला माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

मी त्याच क्लिनिकमध्ये विम्याच्या क्लेमचं काम करते. डॉक्टर आणि नर्स यांनी दिवसभर जे केलं ते कोडमध्ये घालून विमा योजनेला पाठवायचं, आणि तिकडून पैसे आले नाहीत तर का आले नाहीत ते वाचत बसायचं. या कामानं माझा स्वभाव आंबट झाला आहे असं घरचे म्हणतात. झाला असेलच. माणसाच्या आजाराला नकार देण्याच्या किती तऱ्हा असतात ते रोज सकाळी आठ वाजता वाचलं तर कुणाचाही होईल. अलीकडे मला कशाचीच फारशी आशा वाटत नाही, आणि काकांची आठवण आली की उरलीसुरलीही जाते. पण आठवण येते, त्याला काय करणार?

लसीची खोली म्हणजे एक्स-रेच्या मागची, खिडकी नसलेली एक खोली. एक पलंग, दोन खुर्च्या आणि फ्रिज. फ्रिजवर त्यांचा जीव. सकाळी आले की आधी फ्रिजला "काय म्हंतोस?" विचारायचं, मग त्याचं तापमान बघायचं, आणि त्यानंतर आम्हा माणसांना गुड मॉर्निंग. एकदा सफाईवाल्यानं त्या फ्रिजमध्ये आपली लबनची, म्हणजे ताकाची, बाटली ठेवली. काकांनी ती बाहेर काढली, रिसेप्शनपाशी येऊन सगळ्या पेशंटांसमोर घटाघटा पिऊन टाकली आणि त्या बिचाऱ्याला म्हणाले, "खलास. अब दूसरा रखो, वो भी पिएगा." त्यानंतर त्या फ्रिजला कुणी हात लावला नाही.

सुई टोचण्याची त्यांची पद्धत मी इतर कुणाकडे पाहिलेली नाही. बाही वर करायला सांगायचे आणि विचारायचे, "गाँव में घुसते ही पहले क्या आता है? मंदिर, मस्जिद, कि दारू का दुकान?" माणूस गोंधळायचा, मग त्याचे डोळे कुठेतरी लांब जायचे. नेपाळी असो, बंगाली असो, आपल्या परभणीचा असो, तो मनातल्या मनात गावच्या स्टँडवर उतरायचा आणि चालायला लागायचा. पहिलं एक वडाचं झाड, नाही, झाडाच्या आधी पिठाची गिरणी... गिरणीपर्यंत पोचला की काका म्हणायचे, "झालं." दंडावर गोल पट्टी लागलेली असायची. पण तो माणूस आता गावात शिरलेला असायचा, त्याला थांबवणं कठीण. पुढची पंधरा मिनिटं त्याला तिथेच बसवून ठेवायचा नियम असतो, लसीचा काही त्रास होतो का ते बघायला. त्या वेळात तो शाळेपर्यंत, घरापर्यंत, पार बायकोपर्यंत जायचा. काकांनी मिरज आणि कतार सोडून तिसरं काही बघितलेलं नव्हतं, पण नेपाळातल्या कितीतरी गावांचे रस्ते त्यांना तोंडपाठ होते.

माझ्या नवऱ्यालाही त्यांनी शेवटी पकडलंच. तो मला न्यायला आला होता आणि गाडीत बसून राहायची अक्कल त्याला सुचली नाही. बाहेर आला तो दंड चोळत. घरी आमच्या मुलानं विचारलं, "बाबा, डिड यू क्राय?" तर म्हणाला, "नाही रे, मी नाशिकला जाऊन आलो."

त्यांना मोठ्या माणसांच्या लसीचं इतकं वेड का, हे कुणालाच नीट कळलं नव्हतं. कारण विचारलं की ते सांगायचे, पण प्रत्येकाला वेगळं. धनुर्वाताची सुई टाळणाऱ्याला ते सांगायचे की माझा बाप धनुर्वातानं गेला. काविळीची लस नको म्हणणाऱ्याला सांगायचे, बाप काविळीनं गेला. न्यूमोनियाची असेल तर न्यूमोनियानं. एकदा एका सुपरवायझरपुढे त्यांनी बापाला कुत्रं चावल्याचं सांगितलेलं मी स्वतः ऐकलं. मी विचारलं, "काका, खरं काय ते एकदा सांगा." तर म्हणाले, "समोरचा ज्यानं बाही वर करतो ते खरं." हे ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. त्या वेळी हसण्यासारखंच वाटलं होतं.

आता ज्याच्यामुळे सगळं झालं ते सांगते, आणि थोडक्यात सांगते, कारण यात कुणाला गोडी वाटावी असं काही नाही.

आमच्या क्लिनिकचा करार ज्या सरकारी विमा योजनेशी होता, तिच्यात लहान मुलाला लस दिली की सगळं वेगवेगळं मिळायचं. लसीचे वेगळे, टोचण्याचे वेगळे. मोठ्या माणसाचं तसं नाही. लसीचे पैसे ठरलेल्या दरानं मिळत, पण टोचणं हे डॉक्टरांच्या तपासणीत धरलेलं असे. म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांनी त्याला तपासलं असेल, तर सुई देणाऱ्या हाताचा, त्याला बसवून ठेवण्याचा, रात्रंदिवस चालणाऱ्या फ्रिजचा वेगळा छदामही नाही. तोच माणूस दुसऱ्या दिवशी फक्त लसीसाठी आला, तर मात्र टोचण्याचे मिळत. कुठल्याशा टेबलावर बसून कुणीतरी हा विचार केला असेल की एकाच भेटीचे दोनदा पैसे कशाला द्यायचे. टेबलावरून तो बरोबरच दिसतो.

आमच्या मॅनेजरनं त्यावर काढलेला तोडगाही तितकाच बरोबर होता. मॅनेजर पुण्याचे, बोलायला मृदू, कपाळावर कायम एक आठी. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हे बघा, अ‍ॅडल्ट लस ही तपासणीच्या दिवशी द्यायची नाही. पेशंटला दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट द्या. सेम डे दिली की आपल्याला लॉस आहे. सिंपल."

काका म्हणाले, "दुसऱ्या दिवशी त्यो येत न्हाई."

"का नाही येत?"

"शुक्रवारी कंपनीची बस येती. शनिवारी त्यो पाइपावर असतोय. तुमच्या अपॉइंटमेंटला बस हाय का?"

"ब्रदर, तो आपला प्रॉब्लेम नाही ना."

"मग कुणाचा हाय?" काकांनी विचारलं. त्यांनी हे भांडायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मॅनेजरांनी घड्याळ बघितलं आणि मीटिंग संपली.

अल खोरच्या आसपासच्या, मजुरांच्या कॅम्पमधली माणसं आमच्याकडे शुक्रवारीच येत. आठवड्याची ती एकच सुट्टी. सकाळी बस सोडायची, दुपारी न्यायला यायची. मधल्या वेळात साखर तपासा, छातीचा आवाज दाखवा, घरी पैसे पाठवा, सिमकार्ड भरा. त्यातल्या साखरवाल्याला आणि दमेकऱ्याला डॉक्टरीणबाई लस लिहून द्यायच्या, आणि रिसेप्शनवरची मुलगी त्याला सांगायची, कल आना. तो मान हलवून जायचा. इथले लोक कुणी काही सांगितलं की मान हलवतातच. परत कुणी आल्याचा क्लेम मला आठवत नाही.

काकांनी मध्यंतरी एक उपाय करून पाहिला. क्लेम पाठवताना लस का दिली याचं कारण लिहावं लागतं. त्या जागी त्यांनी इंग्रजीत लिहिलं, पेशंट आज आला आहे म्हणून. एकाच्या बाबतीत लिहिलं, दंड आज इथे आहे. ते सगळे क्लेम अर्थातच परत आले आणि निस्तरायला माझ्याकडे. मी त्यांना म्हटलं, "काका, कॉम्प्युटर हे वाचत नाही हो."

"मग कोण वाचतंय?"

"कुणीच नाही."

"तुझ्या क्लेमला आग लाव," ते म्हणाले आणि मला शेंगदाण्याचा लाडू दिला. लाडू ते स्वतः करायचे, आणि फार वाईट करायचे.

त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. शुक्रवारी तपासलेली माणसं शनिवारी लस घ्यायला येऊ लागली, निदान माझ्या स्क्रीनवर तरी. क्लेम पास होऊ लागले. मॅनेजर खूश झाले, म्हणाले, "बघा, नीट समजावून सांगितलं की लोक येतात." मला शनिवारी सुट्टी असते. कोण येतं आणि कोण नाही, हे बघायला मी तिथे नसायचे.

मग एक दिवस एक क्लेम परत आला. नकाराचं कारण असं की सेवेच्या तारखेला सभासद हयात नव्हता. मी तो दोनदा वाचला. लस दिल्याची तारीख शनिवार. माणूस गेल्याची तारीख त्याच्या आदला दिवस, शुक्रवार. आमच्या क्लिनिकनं मेलेल्या माणसाला न्यूमोनियाची लस दिली होती.

मला वाटलं, कुठेतरी नंबर चुकला असेल. दुपारी काका डबा उघडून बसले होते, त्यांच्याकडे गेले आणि नाव दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. "हा व्हय? बिहारकडला, सिवानचा. पाइपफिटर. गावात शिरलं की पहिली वीटभट्टी लागती त्याच्या. काय झालं?"

"काका, हा शुक्रवारी गेला. गाडीखाली आला, रस्ता ओलांडताना. संध्याकाळी."

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "कुठल्या शुक्रवारी?"

मी सांगितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "त्याला म्या पुढच्या महिन्यात साखर बघायला बोलवलंय."  मी क्लेमचा घोळ विचारायला आले होते आणि एका माणसाच्या मरणाची बातमी देऊन बसले. घोळाचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "पण मग शनिवारी तुम्ही कुणाला दिली?"

"शनिवारी कुणालाच दिली न्हाई. शुक्रवारीच दिली. त्याच्या सुट्टीच्या दिवशी." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "सगळ्यांना शुक्रवारीच देतोय. फकस्त कॉम्प्युटरात शनिवारी चढवतोय. तुझ्या क्लेमला तेच पाहिजे की."

असं होतं ते. शुक्रवारच्या माणसांच्या विम्याच्या कार्डांचे नंबर ते टिपून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावानं लस चढवायचे. सुई आज, तारीख उद्याची. त्यांच्या हिशोबानं यात कुणाचंच नुकसान नव्हतं. माणसाला लस मिळाली, क्लिनिकला पैसे मिळाले, योजनेनं दुसऱ्या दिवशी जे दिलं असतं तेच दिलं. फक्त लस दिल्यापासून चढवेपर्यंत माणसानं जिवंत राहायला हवं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांनी गृहीत धरली होती.

योजनेकडून चौकशीचा मेल आला तेव्हा मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावून दार लावून घेतलं. काकांनी काहीही लपवलं नाही. सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, "तारीख खोटी हाय. सुई खरी हाय. लिहून देतो."

"ब्रदर, तुम्ही हे लिहून दिलंत ना, तर ते मागचे सगळे शुक्रवार उकरून काढतील. प्रत्येक लस. याला फ्रॉड म्हणतात इथे. करार जाईल. करार गेला की क्लिनिक गेलं." त्यांनी दाराकडे बोट केलं. "बाहेर जी मुलगी रिसेप्शनवर बसलीय ना, तिचा व्हिसा क्लिनिकवर आहे, क्लिनिक गेलं की तिला देश सोडावा लागेल. सफाईवाल्याचा आहे. हिचा नसेल, हिचा नवऱ्यावर आहे, पण बाकी सगळ्यांचा आहे."

काकांनी दाराकडे बघितलं.

"त्यापेक्षा एक साधी चूक होती असं म्हणू. क्लेरिकल एरर. नावात गफलत झाली, या माणसाला लस दिलीच गेली नाही, ती सिरिंज खराब निघाली म्हणून टाकून दिली. मी क्लेम मागे घेतो. तुम्ही फक्त सही करा की लस दिली नाही."

"दिलीय मी."

"हो, पण..."

"ह्या हातानं दिलीय. डाव्या दंडात. शर्टाची बाही उसवलेली हुती. त्यो वीटभट्टी सांगत हुता तवर दिली. दिली न्हाई असं कसं म्हणू?"

मॅनेजर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी समजवा. आणि खरं सांगू का, दिली यावर तरी विश्वास कोण ठेवणार? साक्षीदार कोण? तो माणूस गेलाय. यांचं म्हणाल तर..." इथे ते जरा अडखळले, पण बोललेच. "यांचे वडील आजवर किती वेळा वारलेत, हे अख्ख्या क्लिनिकला माहीत आहे."

मी काकांकडे बघू शकले नाही. मला मॅनेजरांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं याचा. काका मात्र चिडले नाहीत. त्यांनी फक्त एक दिवस मागून घेतला.

तो दिवस गेला तो असा. क्लिनिक सुटल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, त्याच्या खोलीतली माणसं शोध. सुई दिल्यावर पट्टी लावली हुती म्या. बसमधनं गेला असंल, जेवला असंल, शर्ट काढला असंल. कुणीतरी बघितलीच असणार की."

"काका, सिद्ध करून काय होणार? तारीख तर खोटीच राहणार."

"राहू दे की. तारखेपायी घालवू द्या मला, जातो. पर दिली न्हाई असं नगं." ते खुर्ची ओढून बसले. "त्यो कवाधरनं साखरेचा पेशंट. कुणी सांगितलं न्हवतं त्याला. म्या सांगितलं, म्या दिली. आता त्याच्या नावाम्होरं दिली न्हाई असं लिहायचं? म्हंजे त्यो आल्ताच न्हाई की गं."

मी त्याच्या कंपनीत फोन केला. कळलं की त्या खोलीतली माणसं अल खोरहून हलवली आहेत, पार दक्षिणेला, बिरकत अल अवामेरच्या कॅम्पमध्ये. त्या संध्याकाळी मी आणि नवरा गाडी काढून तिकडे गेलो. उत्तरेकडून दक्षिणेकडे, दोहा ओलांडून, मग सरळच सरळ रस्ता, आणि शेवटी एकासारख्या एक इमारतींच्या रांगा आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे कठडे. गेटवरच्या गार्डनं विचारलं, कोणत्या कंपनीच्या तर्फे आलात? आम्ही म्हटलं, कुणाच्याच नाही, दोन मिनिटं बोलायचंय. तो चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आत सोडलं नाही. बसेस येत होत्या, माणसं उतरून आत जात होती. आम्हाला फक्त नाव माहीत होतं, आणि तेही मेलेल्याचं. कुणाला हाक मारणार? आम्ही बघत बसलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी काकांनी सही केली.

त्यांनी मला काही विचारलं नाही. माझं तोंड बघून कळलं असावं. मॅनेजरांनी कागद पुढे केला, त्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की सदर व्यक्तीला कोणतीही लस देण्यात आलेली नाही. काकांनी चष्मा न लावताच सही केली. मॅनेजर म्हणाले, "शुक्रन, ब्रदर, तुम्ही सगळ्यांना वाचवलंत." ते त्यांनी मनापासून म्हटलं, हे मी बघितलं. म्हणून तर अधिक वाईट वाटलं. एखादा तरी दुष्ट असता तर मला त्याच्यावर डाफरता आलं असतं. इथे सगळेच आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये सिवानच्या त्या माणसाच्या दंडातून सुई काढून घेतली गेली, आणि काकांच्या हातातूनही.

त्यानंतर काका जेमतेम काही आठवडेच होते. त्यांचा व्हिसा नव्यानं करायचा नाही असं क्लिनिकनं या भानगडीच्या आधीच ठरवलं होतं. या दिवसांत ते कामावर यायचे, फ्रिजचं तापमान बघायचे, पण कुणाचा दंड धरायचे नाहीत. मंडळात हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुष बाहेर गप्पा मारत होते, त्यात ते उभे होते, हात स्वेटरच्या खिशात. माझा नवरा मुद्दाम त्यांच्यापाशी गेला आणि आपणहून दंड पुढे करून म्हणाला, "काय काका, पुढची कधी?" ते म्हणाले, "बघू." 

निरोपाला क्लिनिकनं केक आणला. मॅनेजरांनी भाषण केलं. काकांनी केक कापला आणि पहिला तुकडा सफाईवाल्याला दिला. तो रडायला लागला. मीही. विमानतळावर सोडायला मी आणि नवरा गेलो होतो. त्यांच्याकडे सामान अगदीच थोडं होतं. इतकी वर्षं राहिलेल्या माणसाकडे इतकंच सामान कसं, असं मला वाटलं. मी विचारलं, "मिरजेत काय करणार?" तर म्हणाले, "भाच्याचं मंडपाचं दुकान हाय. खुर्च्या बघीन."

महिन्याभरात क्लिनिकनं मोठ्यांच्या लसी बंदच केल्या. नव्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले की जिथे लॉसही आहे आणि रिस्कही आहे, ते करायचंच कशाला? मुलांचं चालू ठेवू, ते नीट वसूल होतं.  मीही विरोध केला नाही, कारण मला आकडे माहीत होते आणि आकडे त्यांच्याच बाजूनं होते.

हे सगळं लिहायला बसण्याचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यातला एक शुक्रवार. महिनाअखेरीचं काम तुंबलं होतं, मी कागद घ्यायला बाहेर आले होते. रिसेप्शनवर तीन माणसं उभी होती आणि ती मुलगी त्यांना काहीतरी समजावत होती. मी जवळ गेले. त्यांतला मोठा हिंदीत म्हणाला, "मॅडम, वो स्वेटरवाले ब्रदर कहाँ हैं?"

मी म्हटलं, ते गेले, इंडियाला. तुम्हाला काय हवंय?

तो म्हणाला की मध्ये त्यांना बिरकत अल अवामेरला पाठवलं होतं, आता प्लांटच्या कामाला परत इकडे आणलंय. त्यांच्या खोलीत सिवानचा एकजण होता. गेला बिचारा. गेला त्याच दिवशी तो इथून लस घेऊन आला होता. बसमध्ये बाही वर करून सगळ्यांना पट्टी दाखवत होता. न्यूमोनिया नहीं होगा, भाई, म्हणत होता. आणि म्हणत होता की एक ब्रदर आहे, सुई देताना गावाचा रस्ता विचारतो, दुखतच नाही. तुम्हीही जा. "उस दिन से सोचा था कि आएँगे," तो म्हणाला. "आज छुट्टी मिली." त्यालाही साखर होती. बाकीच्या दोघांचं माहीत नाही, पण ते बाह्या दुमडूनच आले होते.

मी तशीच मॅनेजरांच्या केबिनमध्ये शिरले.  म्हटलं, साक्षीदार आहेत, तीन आहेत, बाहेर उभे आहेत, लस दिली होती. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, मला कधी शंका नव्हती हो. पण ती फाइल बंद झालीय. आता पुन्हा उघडायची म्हणजे..."  त्या आठीखाली ते थकलेले दिसत होते.

बाहेर आले तर ती माणसं निघाली होती. रिसेप्शनवरच्या मुलीनं त्यांना सरकारी आरोग्य केंद्राचं नाव कागदावर लिहून दिलं होतं आणि तिथे आज बंद असतं हेही सांगितलं होतं. बस लागली होती. त्यांतल्या वयानं मोठ्या माणसानं चढताना मला हात केला.

मी गाडीत बसून मिरजेला फोन लावला. काकांनी लगेच उचलला. मागे कुठेतरी लोखंडी खुर्च्या एकावर एक टाकल्याचा आवाज येत होता. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. "काका, साक्षीदार मिळाले. तिघं. पट्टी त्यांनी डोळ्यांनी बघितलीय. तो बसमध्ये सगळ्यांना दाखवत होता. तुम्ही दिली होतीत, काका, आता सांगणारं कुणीतरी आहे."

खुर्च्यांचा आवाज थांबला. मला वाटलं ते रडतायत, आणि खरं सांगायचं तर रडावं असंच मला वाटत होतं.

"ते कशाला आलते?" त्यांनी विचारलं.

"सुई घ्यायला. त्यानंच सांगितलं होतं त्यांना, जा म्हणून."

"मग दिली का कुणी?"

"नाही, काका. आपल्याकडे मोठ्यांचं बंद झालंय."

"गेले?"

"हो. बसनं गेले."

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

"मग मला कशापायी सांगतीस गं?" काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी लगेच पुन्हा लावला. त्यानंतरही बऱ्याचदा लावला. त्यांनी तो उचललेला नाही.